शेवट माहीत नसलेली बाई

नाटकाच्या पहिल्या वाचनालाच नटीला आपल्या पात्राचा शेवट कळतो. तिसऱ्या अंकात ती घर सोडून जाणार असेल, तर पहिल्या अंकात चहाचे कप उचलतानाही ते जाणं तिच्या हालचालीत मुरलेलं असतं. सांगलीत राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करताना मला हेच शिकवलं गेलं. आधी शेवट बघ, मग मागे मागे ये. कुठे आवाज राखायचा, कुठला राग गिळायचा, कुठलं वाक्य नुसतं टाकून द्यायचं, हे शेवटावरून ठरतं. मुंबईत येऊन दैनंदिन मालिकेत उभी राहिले आणि हा आधारच गेला. माझ्या पात्राचं पुढच्या महिन्यात काय होणार हे मला माहीत नव्हतं, दिग्दर्शकाला माहीत नव्हतं आणि संवाद लिहिणाऱ्या मुलीलाही पुरतं माहीत नसायचं.

मालिकेतल्या कामाबद्दल लोक विचारतात तेव्हा पैशांविषयी विचारतात, साड्यांविषयी विचारतात, रडताना ग्लिसरीन घालता का हे तर हमखास विचारतात. या अंधाराविषयी कुणी विचारत नाही. मला मात्र या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटत आली आहे.

भूमिका सांगितली गेली ती तीन शब्दांत: साधी, समंजस, कणखर. घरातली थोरली सून, सगळ्यांची वहिनी. लुक टेस्ट झाली, साड्यांचे रंग ठरले, मंगळसूत्र किती लांब असावं यावर चॅनेलच्या मीटिंगमध्ये चर्चा झाली. "पुढे काय होतं हिचं?" असं मी विचारलं, तेव्हा क्रिएटिव्हमधली मुलगी अगदी सरळपणे म्हणाली, "ताई, पहिले तीन महिने लॉक आहेत. पुढचं कसं जातंय त्यावर बघू."

कसं जातंय ते गुरुवारी कळतं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे दर गुरुवारी येतात. त्या दिवशी ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, फोन कानाला लावून सेटच्या मागे फिरत असतो आणि मेकअप रूममध्ये कुणी उघड विचारत नाही, पण दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांना आकडा ठाऊक झालेला असतो. तो घसरला की ट्रॅक बदलतो. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. गुरुवारी रात्री हे तिघे आणि चॅनेल मिळून जे ठरवतात, ते सोमवारी सकाळी प्रसंग बनून आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं.

माझ्या पात्राच्या नवऱ्याचं बाहेर कुणावर तरी मन बसलं आहे, असा ट्रॅक सुरू झाला होता. मी ती फसवली गेलेली बाई कित्येक आठवडे जीव तोडून केली. मग आकडे आले. प्रेक्षकांना नवरा वाईट झालेला नको होता. त्यामुळे ते सगळं गैरसमजातून घडलं होतं, ती बाई त्याची कॉलेजची मैत्रीण होती आणि तो तिला आजारपणात मदत करत होता, असं ठरलं. मला घेरी आल्यासारखं झालं. इतके दिवस मी जे दुःख केलं त्याला पायाच नव्हता की काय? सेटवर आमच्यात एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या, सासूचं काम करायच्या. त्यांच्याजवळ बसून मी हे बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, तिला तेव्हा ते खरं वाटत होतं ना? मग तू केलंस ते खरंच होतं. खोटं आहे हे तिला आज कळलं, तुलाही आज कळलं. आता कळल्यानंतरची बाई कर."

त्या एका बोलण्याने माझं काम बदललं. नाटकातल्यासारखी उंचावरून सगळा रस्ता बघत भूमिका करायची सवय मी सोडली. आज सकाळी आलेल्या प्रसंगात तिला जेवढं माहीत आहे तेवढंच मला माहीत, असं धरून मी उभी राहू लागले.

पण तसं उभं राहायलाही वेळ लागतो, आणि वेळ ही तिथली सगळ्यात महाग वस्तू. जाहिराती वगळल्या तर अर्ध्या तासाचा भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो. सोमवार ते शनिवार रोज एक भाग दाखवायचा, म्हणजे साधारण रोज एका भागाइतकं काम कॅमेऱ्यात यायलाच हवं. चित्रपटात दिवसभरात दोन-तीन मिनिटांचं चित्रण झालं तरी कुणाला वावगं वाटत नाही. आमची शिफ्ट सातची. बारा तासांची म्हणतात, पण ठाण्याहून घोडबंदर रोडचा ट्रॅफिक काढून गोरेगावच्या चित्रनगरीत जायचं आणि रात्री परतायचं, हे त्यात धरलेलं नसतं. मेकअपला बसलं की एकीकडे हेअरवाली अंबाडा घालते आणि दुसरीकडे मी फोनवर प्रसंग वाचते. त्याच वेळी संवाद बदलून पुन्हा येतात. मग आधी सगळ्या प्रसंगाचा मास्टर, मग समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोज. एकच प्रसंग तुकड्यातुकड्याने पुन्हापुन्हा करायचा. मास्टरमध्ये सगळं रडून घेतलं तर क्लोजला डोळे कोरडे पडतात. म्हणून रडू राखायचं असतं, आणि कुठल्या डोळ्यातून कुठल्या शब्दावर पाणी आलं होतं ते लक्षात ठेवायचं असतं. नाहीतर कंटिन्युइटीचा मुलगा थांबवतो, आणि ते त्याचं कामच आहे.

मग ते 'लुक'. जाहिरातीच्या आधी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो, त्याची चेष्टा मी पुष्कळ ऐकली आहे. पण ज्यांनी ते केलं आहे त्यांना विचारा. संगीत नंतर चढतं. तिथे उभं असताना कानावर पंख्याची घरघर असते, समोर संवाद नसतो आणि कट म्हणेपर्यंत माणूस जिवंत दिसायला हवा असतो. त्याच ज्येष्ठ बाईंनी मला युक्ती सांगितली होती: चेहऱ्याने काही करू नकोस, मनात एक वाक्य पूर्ण बोल, वाक्य संपलं की नजर हलव. पुढे माझ्याबरोबर काम करायला आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी हे सांगितलं आहे.

मालिकेत अभिनय कुठे असतो, असं नाटकातले माझे मित्रही कधीकधी म्हणतात. मला हे मान्य नाही. 'गांधी'मधल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळवलेल्या रोहिणी हट्टंगडी 'चार दिवस सासूचे'मध्ये वर्षानुवर्षं आशालता देशमुख उभी करत होत्या. २००१ मध्ये सुरू झालेली ती मालिका तीन हजारांहून जास्त भाग चालली. इतकी वर्षं एका बाईला रोज नवं काही देत राहायचं, तिचं चालणं, तिचा दरारा, तिचं थकणं ढळू द्यायचं नाही, याला लागणारी शिस्त मला कुठल्याही रंगमंचावरच्या शिस्तीपेक्षा कमी वाटत नाही. मधुराणी प्रभुलकरांनी 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती २०१९ च्या डिसेंबरपासून जवळपास पाच वर्षं केली. ती गोष्ट मूळ बंगाली 'श्रीमोयी'ची, आणि हिंदीत तीच 'अनुपमा' झाली. तीन भाषांतल्या तीन नट्यांनी एकाच बीजातून तीन वेगळ्या बायका वाढवल्या. लेखन तर प्रत्येकीला वेगळं मिळालंच, पण फरक तेवढ्याने पडत नाही. कथा एका दिवसाहून पुढची दिसत नसताना त्या दिवसात नटी काय भरते, यानेही तो पडतो.

मी काय भरलं ते सांगायचं तर मला हातांविषयी सांगावं लागेल. कथानक माझ्या ताब्यात नव्हतं, संवाद नव्हते, साडी नव्हती. प्रसंगात बसून काय काम करायचं, एवढंच माझ्याकडे उरायचं. लिहून आलेलं असायचं: 'वहिनी स्वयंपाकघरात आहे. जाऊबाई येते.' मग मी आर्टदादांना विचारायची, आज काय देता? ते बिचारे सुरुवातीला प्लॅस्टिकची फळं आणि एक रिकामं पातेलं ठेवायचे. मी म्हटलं, मला खरी गवार द्या, खरे तांदूळ द्या निवडायला, न धुतलेली मेथी द्या. नंतर ते आपणहून विचारू लागले, ताई, उद्या काय आणू? संवाद कितीही भडक असला तरी हातात मेथीची काडी असली की आवाज आपोआप जागेवर येतो. समोरची चिडून बोलत असते, आणि माझ्या पात्राला उत्तर द्यायचं आहे, पण जुडीही संपवायची आहे. घरात भांडणं अशीच होतात.

इचलकरंजीला एका हळदीकुंकवाला पाहुणी म्हणून गेले होते. सेल्फी, ओटी, सगळं झालं. एक साठीच्या बाई गर्दी ओसरेपर्यंत थांबून राहिल्या होत्या. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मालिकेत जे चाललंय ते मला पटत नाही. पण वहिनी, तुम्ही गवार खरी मोडता. शिरा काढता. म्हणून बघते." मला आजवर जी काही कौतुकं मिळाली त्यांत हे मी सगळ्यात वर ठेवते. प्रेक्षकाला काही कळत नाही असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की मला त्या बाई आठवतात.

हातांच्या कामावरून बायकांच्या कामाविषयी एक मोठी गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मी इथे मुद्दाम मांडते. मी शाळेत असताना सह्याद्रीवर 'दामिनी' लागायची. प्रतीक्षा लोणकर त्यात पत्रकार होत्या, आणि दामिनी बातमीमागे घराबाहेर पडायची. मग १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, 'आभाळमाया' आली, आणि सुकन्या कुलकर्णींची सुधा आमच्या घरात सगळे जेवणं थांबवून बघायचे. पुढेही नायिकांना नोकऱ्या होत्या. 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी बँकेत होती, 'तुझ्यात जीव रंगला'मधली अंजली तर गावभर पाठकबाई म्हणूनच ओळखली जायची, आणि 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकेने मसाल्यांचा धंदा उभा केला. तरी रोजच्या मालिकांत लग्नानंतर बायकांची नोकरी हळूहळू पुसट होत जाते, हे मी आतून पाहिलं आहे. कुणी ठरवून करतं असं नाही. घराचा सेट कायम उभा असतो. त्याचे दिवे लावलेले असतात, कॅमेऱ्याच्या जागा ठरलेल्या असतात. ऑफिस दाखवायचं तर दुसरी जागा शोधा, भाडं भरा, युनिट हलवा, अर्धा दिवस घालवा. रोज एक भाग काढायचा असेल तर निर्माता दिवाणखान्यातच प्रसंग लावणार. मग पात्राला ऑफिसचं एखादं वाक्य देतात, 'आज मीटिंग होती', आणि बाई सोफ्यावर बसून सासूशी बोलू लागते. माझ्या वहिनीला सुरुवातीला शाळेत शिक्षिका म्हटलं होतं. तिची शाळा मी मालिका संपेपर्यंत पाहिली नाही.

इथे माझा चॅनेलवाल्यांशी मतभेद आहे आणि तो मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे. बाईचं काम काढून घेतलं की तिच्याकडे फक्त नाती उरतात, आणि नुसत्या नात्यांतून रोज बावीस मिनिटं काढायची म्हणजे कट, गैरसमज आणि विष कालवणं यांशिवाय मार्ग राहत नाही. लेखक वाईट नसतात. त्यांच्या हातात सामानच तेवढं ठेवलेलं असतं.

पैशांविषयीही लिहिते, कारण नव्या मुलींना हे कुणी आधी सांगत नाही. आमचा हिशोब दिवसावर असतो. महिन्यात किमान अमुक दिवस, एवढं करारात येतं. पैसे बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी मिळतात आणि त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. म्हणजे मालिका सुरू झाल्याच्या आनंदात घर भाड्याने घेतलंत, तर पहिला चेक चौथ्या महिन्यात येणार हे धरून घ्या. उलट, मालिका बंद होते तेव्हा तीन महिन्यांचं काम अजून येणं असतं, आणि आता तुम्ही त्या निर्मात्याच्या काहीच कामाच्या नसता. माझे एकदा असे पैसे अडकले. संघटनेकडे तक्रार केली, पत्रं झाली, काही मिळाले, काही मिळाले नाहीत. ज्या स्पॉटदादाने मला रोज वेळेवर आल्याचा चहा दिला त्याचेही अडकले होते, आणि त्याच्याकडे थांबायला माझ्याइतकीही ताकद नव्हती. यावर जेवढं बोललं जायला हवं तेवढं आपल्याकडे बोललं जात नाही.

मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली. मालिकांचे जुने भाग पुन्हा लागू लागले. जूनच्या अखेरीपासून कामं सुरू झाली तेव्हा जवळ यायचं नाही, मिठी मारायची नाही असे नियम होते. सरकारच्या नियमाप्रमाणे पासष्टच्या पुढच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती. आमच्या सासूबाई घरी बसल्या आणि पटकथेत त्या तीर्थयात्रेला गेल्या. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती मनाई काढली. त्या परत आल्या त्या दिवशी सगळं युनिट टाळ्या वाजवत उभं होतं. सप्टेंबरमध्ये ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात कोरोनाने गेल्याची बातमी आली आणि त्या टाळ्यांची मला भीती वाटू लागली. आमचे ज्येष्ठ कलाकार कामाशिवाय राहू शकत नाहीत, पोटासाठीही आणि मनासाठीही. दोन्ही कारणं तितकीच खरी आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा चित्रीकरण बंद झालं तेव्हा युनिटं गोव्याला, दमणला, सिल्वासाला गेली. आम्हीही एका रिसॉर्टवर राहून काम केलं. पटकथेत सगळं कुटुंब अचानक गावच्या वाड्यात राहायला आलं होतं. ज्यांना घर सोडून येता आलं नाही त्यांची पात्रं एका वाक्यात परगावी गेली. त्या काळात उद्याचा प्रसंग माहीत नसणं हे फक्त नटीचं दुखणं राहिलं नव्हतं.

मालिका संपणार हे ईपीने फोनवर सांगितलं. तीन आठवडे होते. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते तो शेवट अखेर पीडीएफमध्ये आला: कारस्थान उघड, माफी, घराच्या किल्ल्या वहिनीच्या हातात, सगळ्यांचा एकत्र फोटो. मी तो दोनदा वाचला. माझ्या भूमिकेला त्याने मागे वळून काही नवा अर्थ दिला नाही. वहिनी मला आधीच माहीत झाली होती, रोजच्या प्रसंगांतून. किल्ल्या तिला न मिळाल्या असत्या तरी ती तीच बाई राहिली असती.

नंतरचा काळ कोरडा गेला. स्वतःच्या मोबाईलवर ऑडिशन रेकॉर्ड करून पाठवायची, मग वाट पाहायची. रस्त्यावर लोक वहिनी म्हणून ओळखत होते आणि त्याच ओळखीमुळे कास्टिंगवाले म्हणत होते, चेहरा अजून ताजा आहे, थोडं थांबू या. मग आईच्या भूमिका येऊ लागल्या. ज्याची आई व्हायचं तो नट माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान. मी केसांत पांढरी रेघ ओढून घेतली आणि होकार दिला. आई करायला माझी हरकत नाही. आईला दाराशी उभं राहून मुलाची वाट पाहण्याखेरीज काही काम नसण्याला हरकत आहे.

यावेळी मी आधीच बोलले. हिला नोकरी द्या, आणि ती दिसू द्या. ईपी म्हणाला, ताई, दुसऱ्या सेटचं बजेट नाही. त्यावर मी विचार करून गेले होते. माझ्या माहेरच्या आळीत पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या एक काकू होत्या. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बायकाच असतात. घरोघर जाऊन हप्ते घ्यायचे, कार्डावर नोंद करायची, यादी करून पोस्टात भरायचे. खातं पाच वर्षांचं, साठ हप्त्यांचं. हिला ऑफिस लागत नाही. लागतो तो चाळीचा जिना आणि शेजाऱ्यांची दारं, आणि ती आपल्या सेटवर आधीच उभी आहेत. ईपीने चॅनेलला विचारलं, आणि चॅनेल हो म्हणालं.

सध्या सुट्टीच्या दिवशी मी ठाण्यातल्या एका एजंटबाईंबरोबर फिरते. खांद्याला कापडी पिशवी, आत रबर लावलेली कार्डं, इमारतीप्रमाणे लावलेली. कुठल्या घरी पाच तारखेआधी जायचं नाही, कुठल्या घरी नवऱ्यासमोर पैशांचा विषय काढायचा नाही, हे त्यांना पाठ आहे. नोटा मोजताना त्या देणाऱ्या बाईकडे बघत नाहीत, कारण तिला अवघडल्यासारखं होतं. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि आमच्या संवादलेखिकेला त्या बाईंचा नंबर त्यांना विचारून दिला. परवा ती दोन तास त्यांच्याकडे बसून व्याजाचं गणित समजून घेत होती. तिला पुढच्या आठवड्याच्या प्रसंगात माझ्या सुनेच्या नावावर एक खातं उघडायचं आहे, महिना पाचशेचं, घरात कुणाला न सांगता.